सरांचा टच

रविवारच्या ग्रुपमध्ये मी गेले ती उघड्यावर बसून जलरंग शिकायला. थोड्याच दिवसांत कळलं की इथे जलरंग सोडून बाकी सगळं शिकवतात. घडीची खुर्ची कशी उघडायची, टोपी कोणती घालायची, फोटो काढताना ब्रश कसा धरायचा. मधल्या वेळात इडली, आणि इडली संपली की चित्र.

ग्रुपमध्ये बँकेतून निवृत्त झालेले काका लोक, बदलापूरच्या नव्या टॉवरांतली दोन-तीन जोडपी, एक दातांच्या डॉक्टरीणबाई. आणि अर्थात सर. सर कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. खादीचा झब्बा, खांद्यावर शबनम, आणि निसर्गाबद्दल बोलताना डोळे मिटायची सवय. निसर्गाबद्दल बोलताना जो डोळे मिटतो, त्याला निसर्ग कधी दिसणार हा माझा साधा प्रश्न होता. तो मी विचारला नाही, कारण त्या वेळी सगळे मान डोलावत होते.

माझं पोटच रंगावर चालतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात मी शेड मॅचिंगला आहे. गिऱ्हाईक नमुन्याचा तुकडा पाठवतं, आम्ही तसाच रंग बनवून द्यायचा. तसाच म्हणजे तसाच. ‘साधारण तसा’ पाठवला की डबे परत येतात आणि वर बोलणी बसतात. त्यामुळे जे दिसतं ते तसंच कागदावर उतरवायचं, एवढीच माझी चित्रकलेची कल्पना होती. सरांच्या मते हीच माझी अडचण होती.

पहिल्यांदा आम्ही अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी बसलो. देवळाच्या कडेने वालधुनी नदी वाहते, आता तिचा नालाच झालाय. त्या दिवशी तिचा रंग मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यासारखा होता आणि वर साबणासारखा फेस. मी तो रंग बराच वेळ खपून जमवला होता. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, जे दिसतं ते सगळं काढायचं नसतं. निवड करायची असते. थांबा, थोडा टच देतो.” माझ्या हातातून ब्रश त्यांच्या हातात कधी गेला ते मला कळलं नाही. बघता बघता नाला निळा झाला आणि त्यात दोन बदकं पोहायला लागली. वालधुनीत बदकं. त्या पाण्यात उतरलेलं बदक दुसऱ्या काठाला जिवंत पोचलं तर मी नोकरी सोडीन.

सरांचा टच ही आमच्या ग्रुपची प्रथाच होती. चित्र संपत आलं की सगळे आपापले बोर्ड घेऊन प्रसादाला उभं राहावं तसे सरांपुढे उभे राहायचे. सर कुणाला माड द्यायचे, कुणाला बैलगाडी, कुणाला झोपडीतून निघणारा धूर. मग वर्षाचं प्रदर्शन लागायचं आणि हॉलच्या चारी भिंतींवर एकच चित्र निरनिराळ्या सह्यांनी टांगलेलं असायचं. डॉक्टरीणबाई आपल्या फ्रेमपुढे उभ्या राहून पाहुण्यांना सांगायच्या, “हे मला आतून सुचलं.” आतून म्हणजे सरांच्या शबनममधून.

तरी मी टिकून राहिले, त्याला कारण होतं. खरवईच्या बाजूला आमचं भाताचं शेत आहे. आता होतं म्हणायचं. दादाने बिल्डरशी बोलणी केली होती आणि पाडव्यानंतर तिथे भराव पडणार होता. आईचे गुडघे गेल्यापासून ती शेतावर जात नव्हती. दादाच्या नव्या बंगल्यात वरच्या मजल्यावर बसून असायची. शेताबद्दल ती काही बोलायची नाही, आणि न बोलण्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला होता. शेत गेलं तरी आईच्या भिंतीवर ते राहायला हवं, ओळखू येईल असं, बांधासकट. फोटो मला नको होता, फोटो दादाच्या मोबाइलमध्ये ढिगाने पडलेत. मला ते हाताने करायचं होतं, आणि भराव पडायच्या आत.

म्हणून पुढची बैठक आमच्या शेतावर घ्या असं मीच सुचवलं. एकटीने भर उन्हात तिथे बसायचा धीर तेव्हा मला नव्हता. त्या आठवड्यात मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जाऊन चांगला जाड कागद आणला. दुकानदार म्हणाला, “पेपर मस्त पाणी झेलेगा मॅडम, पण जास्ती घासायचा नाय. एकदा लावला तो लावला.” आमच्या सरांनी वर्षभरात इतकं कामाचं एकही वाक्य सांगितलं नव्हतं.

रविवारी सगळी वरात शेतावर आली. टॉवरातल्या एका बाईंनी “किती शांत आहे ना इथे” असं तीनदा म्हणून ती शांतता घालवली. व्यवहार ऐन वेळी फिसकटला तर पावसाळ्यात पंचाईत नको म्हणून दादाने त्याही वर्षी राब भाजून ठेवला होता. रोप पेरायच्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्यांची कवळं पसरून जाळतात, तो राब. पिवळ्या धसकटांच्या मधोमध काळाकुट्ट चौकोन. मागे विजेचे मनोरे, त्यांच्याही मागे टॉवर, आणि त्याहून मागे डोंगर. सरांनी डोळे मिटून डोंगराचं कौतुक केलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, सरांना तर तो न बघताच साजरा होता.

मी भराभर काम उरकत होते, सर माझ्यापर्यंत पोचायच्या आत. बांध जमला, धसकटांचा पिवळा जमला, राबाचा काळा पहिल्या हाताला जरा फिका आला, पण तो वाळल्यावर आणखी चढवता आला असता. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची खुर्ची मिटेना म्हणून त्यांनी मला हाक मारली. मी खुर्ची मिटवून परत येते तो सर माझ्या जागेवर बसलेले.

राब गेला होता. त्याच्या जागी एक बाई उभी होती. लाल लुगडं, डोक्यावर कळशी, एक हात कळशीला, दुसरा मोकळा सोडलेला. जलरंगात काळ्यावर उजळ रंग चढत नाही, म्हणून सरांनी खाली पांढरा पोस्टर कलर थापला होता. वर्षभर आम्हाला पांढऱ्याची बाटली घरी ठेवून यायला सांगणारे हेच सर.

“सर, तिथे राब होता,” मी म्हटलं.

“काय होता?”

“राब. भाताचं रोप करायला जमीन भाजतात ती.”

“असं होय. मला वाटलं कुणी कचरा जाळलाय. म्हटलं झाकून टाकू.”

“आणि ही कळशी घेऊन कुठे निघालीय? इथे जवळपास विहीर नाही.”

सर हसले. “मॅडम, चित्राला विहीर लागत नाही.” आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. एका काकांनी ते वाक्य लिहून घेतलं. मला इतका संताप आला की बोर्ड गुडघ्यावर घेऊन मोडावा असं वाटलं. पण मी तो पिशवीत घातला आणि सरांना नमस्कारही न करता निघाले.

त्यानंतर मी ग्रुपला गेले नाही. एक दिवस कामावर रजा टाकली आणि एकटीच शेतावर जाऊन बसले. रस्त्याच्या कोपऱ्यावर मुरमाचा पहिला ढीग पडलेला होता. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तिथून हलले नाही. राबाचा काळा मी ट्यूबमधून घेतला नाही. तपकिरी आणि निळा एकमेकांत मुरवून, कडेला राखेची झाक ठेवून तो जमवला. नमुन्याशेजारी ठेवला असता तर कारखान्यातल्या साहेबांनी एका नजरेत पास केला असता. मनोरे, टॉवर, कोपऱ्यातला मुरूम, सगळं कागदावर आणलं. माझ्या आयुष्यात मी केलेलं ते एकमेव बरं चित्र आहे, हे मी आजही म्हणते.

दोन्ही चित्रं घेऊन मी आईकडे गेले. सरांचं मुद्दाम बरोबर नेलं, ते बघून दोघींनी मिळून हसावं म्हणून. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. मी माझं चित्र तिच्या मांडीवर ठेवलं.

“आपला शेत हाय ह्यो,” ती लगेच म्हणाली. तिने राबावर बोट ठेवलं. “राब बी काढलास.”

“तुझ्यासाठी काढलं. इथे समोर लावू या?”

आईने ते उचलून माझ्या हातात परत दिलं. “नको गो. त्या राबाच्या धुरानं माजं डोलं अर्दं गेलं. वाकून वाकून कंबर मोडली ती परत सरल झाली नाय. सासू गेली त्या दिवशीबी मी लावनीला व्हते. आता सकाली उटून आनी त्याचाच तोंड बघू?”

मी पिशवीतून दुसरं चित्र बाहेर काढून तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, “हे बघ, आमच्या सरांनी काय घाण करून ठेवलीय. आपल्या शेतात नसलेली बाई घुसवलीय.”

आईने ते दोन्ही हातांनी धरलं आणि खिडकीच्या उजेडात नेलं.

“ह्यो लाव,” ती म्हणाली.

“आई, ते खोटं आहे. आपल्याकडे असं कुणी चालत नव्हतं.”

“म्हाईत हाय मना. मीच व्हते ना तिथं.” तिने त्या बाईच्या पाठीवरून बोट फिरवलं. “पन कशी ताठ उबी हाय बग.”

दादाकडून हातोडी मागून मी ते चित्र तिच्या खुर्चीसमोर लावलं. सरांना मी हे कळवलेलं नाही, आणि कळवणारही नाही.