वहिनीची तीन मिनिटं

वहिनी आमच्या घरात येईपर्यंत बुद्धिबळ माझं होतं. कळमनुरीत दुसरं कोणी खेळतच नव्हतं असं नाही. पण आमच्या घरात, ओसरीवर, बाबांच्या समोर बसायचा हक्क माझा होता. तोही मला सहज मिळालेला नव्हता. आधी तिथं बाबांचे दोस्त बसायचे, पेठेत घड्याळं दुरुस्त करणारे चाचा. बाबा तहसील कचेरीतून आले की चहा व्हायचा, पट मांडला जायचा आणि दोघं एकेका चालीला इतका वेळ घ्यायचे की आई भाजी निवडून, फोडणी घालून परत यायची तरी पटावर काही हललेलं नसायचं. मी सातवीत असताना चाचा वारले. बरेच दिवस पट कपाटावर पडून होता. मग एका संध्याकाळी बाबांनी तो काढला, सोंगट्या मांडल्या आणि दादाकडे पाहिलं. दादाला एका जागी बसायचा कंटाळा. तो सायकल काढून निघून गेला. मी जाऊन समोर बसले.

त्यानंतरची कितीतरी वर्षं संध्याकाळ म्हणजे पट. शाळेकडून परभणीला जाऊन मी एकदा दुसरा नंबरही आणला. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झालेला नव्हता. बाबा कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. एखादी चाल फारच आवडली तर चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायचे, बस्स. त्या चष्म्यासाठी मी वाटेल तेवढा वेळ विचार करत बसायचे.

पुढे दादाने समोरच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि मी बी.एस्सी. करून तिथंच शिकवायला लागले. फोनच्या तारेवरून इंटरनेट आलं. दुपारी क्लास रिकामा असायचा. तेव्हा मला ती बुद्धिबळाची साईट सापडली. जगातला कुठलाही माणूस समोर यायचा, प्रत्येकाला पूर्ण डावासाठी तीन मिनिटं मिळायची आणि पटाच्या बाजूला आकडे भराभर उतरायचे. वेळ संपला की हरलो. पटावर तुमचं काहीही चांगलं असो.

मी हरत राहिले. हत्ती जास्त, प्यादं वजीर व्हायला एक घर बाकी, आणि माझा वेळ संपलेला. कोणीतरी कच्चा खेळाडू, ज्याला बाबांनी संध्याकाळभरात चिरडला असता, तो माझ्यावर जिंकून निघून जायचा. नावापुढचं रेटिंग खाली खाली येत गेलं. मला वाटायचं, हा खेळच खोटा आहे.

त्याच साली दादाचं लग्न झालं. वहिनी सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावची. बी.ए. झालेली, बोलायला मोकळी, कामाला चपळ. सुरुवातीचे दिवस गेल्यावर ती दुपारी क्लासमध्ये माझ्या शेजारी येऊन बसू लागली. सोंगट्यांच्या चाली तिला येत होत्या, भावांबरोबर लहानपणी खेळलेली. त्यापलीकडे काही नाही. मी खेळायचे, ती बघायची. एकदा मी असाच जिंकलेला डाव वेळ संपून हरले तेव्हा तिने विचारलं, "ताई, तुमी तिथं थांबल्या काहून?"

मी म्हटलं, विचार करत होते.

"पण घोडा तर उचलायचाच होता न्हाई का?"

मी तिला समजावून सांगितलं की घोडा कुठं ठेवायचा याच्या तीन शक्यता होत्या आणि तिसरी सगळ्यात चांगली होती. तिने मान डोलावली. मग म्हणाली, मी एक डाव खेळून पाहू का. मी हसत खुर्ची दिली. ती हरली. पुन्हा खेळली, पुन्हा हरली. मला बरं वाटत होतं हे मी लपवणार नाही. फक्त एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. ती पटावर हरत होती. वेळ संपून एकदाही हरली नव्हती.

दिवाळीपर्यंत ती जिंकायला लागली. तिची रीत साधी होती. पांढऱ्या सोंगट्या असोत की काळ्या, सुरुवातीच्या चाली रोज त्याच. घोडा बाहेर, उंट बाहेर, राजा कोपऱ्यात नेऊन ठेवला, की झालं. त्यात तिचा वेळच जायचा नाही. समोरचा विचार करत असायचा तेव्हा ती आपली चाल ठरवून मोकळी असायची. समोरच्याला दुसरा उपायच नाही असं दिसलं की त्याची चाल यायच्या आधी ती आपली चाल लावून ठेवायची. साईटवर तशी सोय होती, मला ठाऊक होती आणि मी ती कधी वापरली नव्हती. हरलेला डाव ती पुन्हा उघडून बघायची. मीही बघायचे, पण मी चूक शोधायचे. ती शोधायची, आपण थांबलो कुठं.

दुपारचं भारनियमन असायचं. लाईट गेली की बॅटरीचा डबा टूं टूं करायला लागायचा, आणि कॉम्प्युटर बंद पडायच्या आत डाव संपवावा लागायचा. त्या आवाजाने मी ठरवलेली चालही विसरायचे. वहिनी उलट पुढे सरकून बसायची आणि संपवायची. आत पोळ्या लाटताना मला माऊसचे टकटक आवाज ऐकू यायचे, मग तो टूं टूं, मग थोडी शांतता, मग तिचं हसणं. त्या हसण्यावरून मला निकाल कळायचा. कितीदा तरी मनात यायचं की आज तारच तुटावी.

हे सगळं मी सोसलं असतं. मुलगी सासरी येऊन एखादा नाद लावून घेते, घेऊ दे. पण एके दुपारी बाबा क्लासमध्ये आले. ते तोवर निवृत्त झाले होते आणि कॉम्प्युटरवरच्या बुद्धिबळाला 'पळापळ' म्हणायचे. माझा एकही डाव त्यांनी तिथं पाहिलेला नव्हता. वहिनी खेळत होती. सासरे मागे येऊन उभे राहिलेले दिसताच ती पदर सावरत उठली. बाबा पटाकडे पाहत होते.

"उठू नको," ते म्हणाले. "तुझा वेळ चाललाय."

ती बसली. बाबा उभे होते आणि ती बसून खेळत होती. आमच्या घरात आईसुद्धा कधी बाबा उभे असताना बसलेली मी पाहिली नव्हती. वहिनीने आपला उंट मारू देऊन समोरच्याचा राजा उघडा पाडला. चाल मोठी बरोबर होती असंही नाही. नीट वेळ घेऊन पाहिलं तर समोरच्याला त्यातून वाट होती. पण त्याच्याकडे वेळ उरलेला नव्हता. तो हरला. बाबांनी चष्मा काढला आणि पुसला.

मी दारात उभी होते. आत जाऊन मी कणीक पुन्हा मळायला घेतली, ती मळलेली होती तरी.

त्यानंतर बाबा रोज यायला लागले. संध्याकाळी ओसरीवर पट मांडला जायचा, आम्ही खेळायचो, पण मधेच ते म्हणायचे, दुपारी सुनेने अशाच जागी घोडा दिला होता. मी मान खाली घालून पुढची चाल शोधायचे. माझं खेळणं बिघडलं होतं. पूर्वी मला पट दिसायचा, आता वहिनी दिसायची. आईला मी एकदा म्हटलं की घरातली कामं माझ्यावर पडून राहिलीत. आईने हिशोब न करताच सांगितलं की तुझ्याहून जास्त कामं तीच करून राहिलीय. तेही खरं होतं. ती पोळ्याही भराभर करायची.

पुढच्या हिवाळ्यात हिंगोलीच्या एका मंडळाने जलद बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली. लाकडी पट, दोन तोंडांचं घड्याळ, चाल केली की आपल्या बाजूचं बटण दाबायचं, वेळ संपला की त्या बाजूचं छोटं निशाण खाली पडायचं. मला वाटलं, आता कळेल. तिथं माऊस नव्हता. बाबा आम्हा दोघींना घेऊन सकाळच्या जीपने निघाले. एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या आणि बाकं. बायका आम्ही मोजक्याच. मी चांगली खेळले, खरंच चांगली. पहिल्यांदा मला वेळ पुरत होता. वहिनीही जिंकत गेली. जेवणानंतर आमची जोडी लागली.

बाबा तेव्हा बाहेर ओळखीच्या माणसाशी बोलत उभे होते. वहिनी समोर बसली, माझ्याकडे पाहून हसली आणि घोडा बाहेर काढला. तिच्या त्याच चाली. त्या मला पाठ होत्या, त्यावर काय करायचं ते मी महिनाभर मनात घोटून ठेवलं होतं. प्यादं मिळवलं, मग दुसरं. ती अडकली. मग तिने हत्ती सरकवला आणि बटण दाबायला विसरली.

घरी कॉम्प्युटरवर आपलं घड्याळ आपोआप थांबून समोरच्याचं सुरू व्हायचं. चाल झाली की संपलं. ती हात मांडीवर ठेवून माझ्या चालीची वाट बघत होती आणि वेळ मात्र तिचाच जात होता. मी घड्याळाकडे पाहिलं. नियमाप्रमाणे मी काही बोलायला बांधील नव्हते. पंच पलीकडच्या पटापाशी होता. मी नुसती बसून राहिले असते तरी जिंकले असते. अशा कितीतरी दुपारी मी हेच मागितलं होतं, की एकदा तिचा वेळ संपावा.

"वहिनी, घड्याळ," मी म्हटलं.

का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. चांगुलपणा म्हणावा तर तो माझ्या मनात नव्हता. तोंडातून गेलं. तिने दचकून बटण दाबलं. तिच्याकडे अगदीच थोडा वेळ उरला होता आणि थोड्या वेळात काय करायचं हे तिच्यासारखं कोणालाच येत नव्हतं. ती शहावर शह देत सुटली. प्रत्येक शहाला मी विचार करत बसले. जिंकलेला डाव होता, दोन प्यादी जास्त होती. माझ्या बाजूचं निशाण आधी पडलं.

परतीच्या बसमध्ये वहिनीच्या मांडीवर पिशवीत छोटा कप होता. ती बाबांना म्हणाली, "बाबा, ताईंनी सांगितलं म्हणून. न्हाईतर माझी वेळ तिथंच संपून राहिली होती."

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली. मला ते नको होतं. मी हरले ते हरले, पण तिला सावध केलं एवढं जे थोडं माझं म्हणून उरलं होतं, तेसुद्धा तिने बाबांपुढे उचलून मला दिलं, जसं काही तिचंच होतं. मी खिडकीतून हरभऱ्याची शेतं बघत राहिले.

तरी मी तिच्याकडेच गेले. जावं तर लागणारच होतं. मला जिंकायचं होतं आणि जिंकायचं कसं ते घरात एकीलाच माहीत होतं. मी विचारलं, तुम्ही एवढ्या लवकर बरोबर चाल शोधता कशी. ती थोडी गोंधळली.

"मला बराबर चाल सापडतच न्हाई, ताई," ती म्हणाली. "बरी दिसली की खेळून टाकते. तुमाला बराबर चाल सापडते ना, म्हणून तुमी शोधत बसता."

मग ती माझ्या मागे बसायला लागली. मी अडकले की खांद्यावर बोट ठेवायची. काय खेळायचं ते सांगायची नाही, फक्त बोट. मला ते बोट अजिबात सहन व्हायचं नाही. ते खांद्यावर येऊ नये म्हणून मी आधीच चाल करून टाकायचे. अशीच मी सुधारले. सुरुवातीच्या चाली ठरवून टाकल्या, हरलेल्या डावांत थांबल्याच्या जागा शोधू लागले, तिसरी शक्यता बघणं सोडलं. रेटिंग वर चढायला लागलं. एका उन्हाळ्यात मी तिच्या आकड्याच्या अगदी जवळ आले आणि मग एके दिवशी तो ओलांडला.

त्या दिवशी वहिनी घरात नव्हती. पहिल्या बाळंतपणाला गोरेगावला गेली होती. तिचा आकडा कित्येक आठवडे तिथंच थांबलेला होता, कारण ती खेळतच नव्हती. मी बाबांना बोलावून पडद्यावर दाखवलं. त्यांनी पाहिलं, बरं झालं म्हणाले. मग माझा पुढचा डाव पाहत असताना म्हणाले, "इथं सुनेने घोडा दिला असता."

मी घोडा दिला नाही. डाव जिंकला, पण बाबा तोवर बाहेर गेले होते.

वहिनी लेकरू घेऊन आली आणि पुढची काही वर्षं ती पडद्यासमोर बसलीच नाही. मी वाट पाहत होते हे तिला कधी कळलं नसेल. तिने मला पुढे गेलेली पाहावं, एकदा तरी तिचा चेहरा उतरावा, असं मला वाटायचं. शेवटी मीच तिला आकडा सांगितला तेव्हा ती सरळ म्हणाली, ताई, लई छान झालं, आणि लेकराचं दूध तापवायला गेली.

माझं लग्न होऊन मी नांदेडला आले. लेकरू शाळेत जायला लागल्यावर वहिनीने पुन्हा खेळायला घेतलं, आणि आता दुपारी आम्ही दोघी एकमेकींशी खेळतो, ती कळमनुरीतून, मी इथून. तीन-तीन मिनिटं. तिला पहिल्यासारखी लय यायला फार दिवस लागले नाहीत. बहुतेकदा तीच जिंकते. डाव संपला की लगेच तिचा फोन येतो, घरचं, बाबांच्या गुडघ्याचं, लेकराचं सांगायला. मी जिंकलेली असले तर पहिल्याच घंटेला उचलते. हरलेली असले तर थोडा वाजू देते.