आडवा पाय

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगते — पण मध्येच माझी समजूत घालू नका.

फुलचूरच्या मुरमाच्या कोर्टवर आम्ही बाया सकाळी टेनिस खेळायचो. उज्ज्वला आणि मी, दुहेरीची जोडी. मग गल्लीतली योगिता यायला लागली. माझ्याहून लहान, पायाला भिंगरी लावलेली. आणि ती सारखी माझ्या पायांकडे पाहून राहायची. काऊन? बॉलकडे पाह्य ना बाई, पायांकडे कायले? मला खात्रीच पटली — ही माझी जागा घ्यायला आली. ती उज्ज्वलाशी नुसती हसून बोलली, तरी माझ्या डोक्यात किडा वळवळायचा.

एकदा तिनं सरळच विचारलं, "ताई, बॉल उजवीकडं लांब आला तं कोणता पाय टाकू?"

मला ठाऊक होतं हो! सावकाश, जवळ आला तर डावा पाय पुढे. लांब आणि जोरात आला तर उजवा पाय बाहेर रोवायचा, छाती जाळीकडे उघडी ठेवून मारायचं, लगेच परतायचं. मी काय सांगितलं? "डावाच. आडवा टाकायचा, दरवेळी." एवढ्यावर थांबले असते तर — नाही. ती बघत असली की मी स्वतःही तसंच खेळायचे. पॉइंट गेले तरी चालतील, तिला खरं दिसू नये. इतकी नीच झाले होते मी.

जिल्ह्याच्या संघनिवडीच्या सामन्यात तसाच लांबचा बॉल आला. तिनं डावा पाय आडवा टाकला. पाणी मारलेल्या मुरमात तो रुतला, अंग फिरलं, गुडघा तिथंच राहिला. तिची किंकाळी ऐकली आणि — सांगू? — आधी मी उज्ज्वलाकडे पाहिलं. जागा माझीच राहिली.

योगिता पुन्हा खेळली नाही. मी भेटले की लोकांना म्हणते, "ताईनंच तं शिकवलं मले." टोमणा असेल का? कळलं असेल तिला? इतकी वर्षं मी तिचा चेहरा तपासून राहिले. काही सापडत नाही.

परवा ती लंगडत आपल्या पोरीला घेऊन कोर्टवर आली. तिनं पोरीला उजवीकडं लांबचा बॉल टाकला. पोरीनं डावा पाय आडवा घातला.

"पाहा ताई, बरोबर हाय ना?"

मी म्हणाले, "हो वं, बरोबर हाय."