काळ्या दोऱ्याचा डबा

पद्मजा टेंभेकर आमच्या सेक्शनमधली सगळ्यांत वेगवान टायपिस्ट आणि सगळ्यांत अस्वस्थ बाई. सत्त्याऐंशी साली बाळंतपणाची रजा संपवून ती चंदीगडच्या ऑफिसात परतली, तेव्हा पोरगी जेमतेम तीन महिन्यांची होती. डब्याचं दूध तिला सोसलं नाही. जुलाब होऊन चार दिवस इस्पितळात सलाईनवर होती. डॉक्टरांनी बजावलं, आता फक्त आईचंच दूध. तेव्हापासून पद्मजाचा अर्धा जीव घड्याळात.

रोज एक वाजता ती रेकॉर्ड रूममध्ये शिरायची आणि मी दाराला पाठ लावून उभी राहायची. काचेचा पंप, मागे लाल रबरी फुगा. तो दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा.

"शालिनीताई, आज येतच नाहीये हो," आतून ती रडकुंडीला यायची.

"घाई केलीस तर कसं येईल? पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे आण!" मी दरडावायची. मला मऊ बोलता येत नाही.

भरलेली बाटली स्टीलच्या डब्यात, भोवती बर्फ. तो डबा गेटवरच्या चौकीदाराकडे द्यायचा. तिचा नवरा श्रीराम इंडस्ट्रियल एरियातली पहिली पाळी दोनला संपवून स्कूटरवर यायचा आणि तीनच्या आत तो शेजारणीकडे पोचवायचा. पोरगी तिच्याकडेच असे.

या सरळ कारभारात मी माझं शहाणपण घुसडलं. बाळाचं दूध असं चारचौघांतून उघडं नेतात का? दृष्ट लागून आटलं म्हणजे? मी डब्याला काळं फडकं गुंडाळायला लागले, वरून काळा दोरा करकचून, गाठीत कोळशाचा खडा. पद्मजाचा विश्वास नव्हता; पण तिची आई दूर नागपूरला, आणि माझ्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

त्या दिवशी साहेबांनी तिला डिक्टेशनला बसवलं, म्हणून डबा मी खाली नेला. चौकीदार जागेवर नव्हता. मी डबा बाकाखाली सरकवला आणि वर आले. लावारिस वस्तूंपासून सावध राहायची पाटी त्याच भिंतीवर होती. रोज वाचत होते मी ती.

वीस मिनिटांत शिट्ट्या वाजल्या. सगळं ऑफिस बाहेर लॉनवर. पोलिस, दोरखंड, वाळूची पोती. त्या वर्षांत पंजाबात अतिरेकी ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब दडवून ठेवत, म्हणून लोक बेवारशी ट्रान्झिस्टरलाही घाबरत, आणि इथे तर बाकाखाली काळं गाठोडं अन् त्यातून लोंबणारा दोरा.

"कोई पास नहीं जाएगा," इन्स्पेक्टर ओरडला. "बाहर ले जाके उड़ा देंगे."

पद्मजाने घड्याळ पाहिलं, मग मला. "ताई, तीन वाजता पोरीला काय देऊ?"

"गप्प बस," मी तिचा दंड धरला. "एवढ्या पुरुषांसमोर काय सांगणार आहेस? नोकरी जाईल."

खरं तर मी माझी नोकरी वाचवत होते. तिने हिसडा देऊन हात सोडवला आणि थेट दोरखंडापाशी गेली.

"वो मेरी बेटी का दूध है. मेरा दूध. मैंने रखा था."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. इन्स्पेक्टरने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "खोलो. और पीके दिखाओ."

ती एकटी बाकापाशी गेली. गाठ सुटेना, करकचून बांधली होती ना मी! शेवटी दातांनी दोरा तोडला. कोळसा घरंगळला. एका म्हाताऱ्या सरदार हवालदाराने आम्हा सगळ्यांना "मुँह उधर करो जी" म्हणून दटावलं आणि स्वतःही पाठ फिरवली. इन्स्पेक्टर तेवढा बघत राहिला. तिने बाटलीतलं घोटभर दूध डब्याच्या झाकणात ओतलं आणि प्यायली.

तेवढ्यात श्रीराम आला. डबा घेऊन, काही न विचारता, सुसाट गेला. घड्याळात दोन चाळीस झाले होते.

पद्मजा माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ही माझ्या थोबाडीत देणार. तिने तुटका दोरा माझ्या हातात ठेवला.

"उद्यापासून हा नको, ताई. डब्यावर माझं नाव लिहू."

आठवड्याने, गेटवर बेवारशी वस्तू ठेवल्याबद्दल पद्मजाच्या नावाने मेमो आला. तिने शांतपणे खाली सही केली आणि पंप घेऊन रेकॉर्ड रूमकडे निघाली. मी मागोमाग जाऊन दाराशी उभी राहिले. मेमोबद्दल ती आजवर एक अक्षर बोलली नाही. डबा मी ठेवला होता, हे मीही साहेबांना कधी सांगितलं नाही.