तुळशीरामभाऊंची बॅटरीवाली गन

कुठल्याही वस्तूचा खोका हातात आला की तुळशीरामभाऊ तो आधी उलटा करायचे. समोरच्या चित्राकडे ढुंकूनही पाहत नसत. "पाकिटावर बोंड मोठंच राह्यते, मॅडम. वावरात केवढं येते ते सांगा," मला ऐकवायचे. मिक्सर घेताना त्यांनी दुकानदाराकडून तोच मिक्सर वापरणाऱ्या तीन बायांची नावं मागून घेतली आणि तिघींच्याही घरी जाऊन चटणी खाऊन आले. तिसऱ्या घरची चटणी फार तिखट निघाली, म्हणून ते दोन दिवस मिक्सरवरच रागावून होते.

ही खोड धंद्यातली. धाड गावात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान, म्हणजे कृषी केंद्र होतं. बीटी कपाशी आली तेव्हा बियाण्याच्या पाकिटांवर नारळाएवढी बोंडं छापलेली असायची आणि लोक चित्र बघून, नाहीतर शेजाऱ्यानं काय नेलं ते बघून पाकीट उचलायचे. भाऊ मात्र आधी शिवार फिरून उभं पीक पाहत आणि मगच माल ठेवत. तरीही गुलाबी बोंडअळीच्या वर्षी त्यांच्याच दुकानातलं बियाणं ओळखीच्या वावरावावरात किडलं. चूक त्यांची नव्हती, गिऱ्हाइकंही तसंच म्हणाली. पण पुढच्या हंगामाआधी त्यांनी शटर ओढलं ते ओढलंच. बुलढाण्याला आमच्या शेजारी राहायला आले आणि एक जुनी लाल गाडी घेतली.

त्या गाडीतून ते खेडोपाडी जुन्या गिऱ्हाइकांकडे जायचे. एखादा माणूस आठवडी बाजारात दिसेनासा झाला, फोन उचलेनासा झाला, की लाल गाडी त्याच्या दारात. शेतीचं एक अक्षर काढायचं नाही. "चहा प्यायले आलो," एवढंच. चहा होईपर्यंत बसायचे, घरातल्या पोराटोरांची टर उडवायचे आणि उठायचे. त्या चहानं काय साधलं, याचा हिशेब माझ्याकडे नाही. पण भाऊ गेले त्या दिवशी आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती.

तर ही गाडी एकदा मलकापूरच्या घाटात पंक्चर झाली. भाऊंचा उजवा खांदा पूर्वी मोडलेला. पान्यावर जोर पडेना, नट हलेना. दुपारभर दगडावर बसून राहिले, शेवटी एका पिकअपवाल्यानं चाक बदलून दिलं. हे जालन्याला नर्स असलेल्या त्यांच्या लेकीला, संघमित्राला कळलं आणि फोनवरच निकाल लागला.

"पुढच्या महिन्यात मी येते, बाबा. माझ्यासमोर एकट्यानं चाक बदलून दाखवा. नाही जमलं तं गाडी विकू. मले तिकडं झोप नाही लागत."

फोन ठेवून भाऊ थेट आमच्या ओट्यावर आले. पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. "गाडी गेली तं मी काय करू, मॅडम? आडबाजूच्या घराघरासमोर एसटी थांबते का?" मग एकदम सावरून म्हणाले, "पंक्चरवाल्याजवळ ती बॅटरीची गन राह्यते ना, टुर्रर्र करून नट खोलते? ते घेऊ. तुमी फिजिक्स शिकवता, चला."

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते हे खरं. पण नट फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, पुस्तकात वेगळा आणि दुकानात वेगळा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. दुकानदारानं सगळ्यात मोठा खोका काढला. "हजार न्यूटन मीटर! ट्रकचं चाक खोलते!"

"माह्याजवळ ट्रक हाये का बे?" भाऊंनी खोका उलटा केला. मग गन बाहेर काढून डाव्या हातानं समोर ताठ धरली आणि मोठ्यानं एकोणतिसाचा पाढा सुरू केला. चौथ्याला हात थरथरला, सहाव्याला खाली आला. मग लहान गन धरली. तिच्यावर मोठीच्या तिसऱ्या हिश्शाइतका टॉर्क लिहिला होता. पाढा पूर्ण झाला. वर तिसाचाही झाला. दुकानातली गिऱ्हाइकं आपापली खरेदी सोडून उभी होती.

"मग हीच देऊ?" दुकानदारानं आशेनं विचारलं.

"कोनाजवळ हाये ही, त्याचं नाव सांगा."

झालं, आमची शिवारफेरी सुरू. बुलढाण्यापासून धाडपर्यंत जिथं जिथं बॅटरीची गन होती, अशा सहा पंक्चरवाल्यांपुढे भाऊंनी लाल गाडीचं उजवं पुढचं चाक उभं केलं. "खोलून दाखव, अन् जसं होतं तसं लावून दे." मी घड्याळ लावून सेकंद लिहून घेत होते. सगळ्या गन सारख्याच! मोठी काय, लहान काय, टुर्रर्र, नट हातात. धाडला सहावा पंक्चरवाला हसत म्हणाला, "भाऊ, हे नट तं बोटानंही निघतीन." तेव्हा भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला.

"मॅडम, एकाच वावरात सहा कंपन्यांचं बियाणं पेरलं आपन! आता काय उगवलं अन् कोनाचं उगवलं, कोन सांगीन?"

पहिल्यानं गंज मोडून सैल केलेले नट बाकीचे पाच जण सोडत होते. एवढी साधी गोष्ट, आणि मी फिजिक्सची बाई वहीत दशांशापर्यंत सेकंद लिहीत बसले होते! रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

मग हात न लागलेला, गंजलेला नट शोधणं आलं. तो उंद्री गावात भाऊंचे जुने गिऱ्हाईक रशीदभाई यांच्या परसात सापडला. त्यांची जीप कैक वर्षं जागची हलली नव्हती आणि तिच्यात कोंबड्या अंड्यावर बसत. दुकानदारानं कंटाळून दोन्ही गन एका रविवारपुरत्या देऊन टाकल्या होत्या. मोठी लावली, तर ती भाऊंच्या हाताला हिसका देऊन नटासकट बोल्टच मोडून मोकळी. भाऊंचा चेहरा पडला.

"जीपले कोन इचारते, भाऊ?" रशीदभाई म्हणाले. "कोंबड्या तेवढ्या उठवू नका."

लहान गन दुसऱ्या नटावर नुसतीच कटकट करत राहिली. भाऊंनी नटावर तेल सोडलं, आम्ही चहा घेतला आणि त्यांनी पुन्हा गन लावली. कट, कट, कट... टुर्रर्र! भाऊ आणि रशीदभाईंनी एकमेकांना मिठी मारली. कोंबड्या सगळ्या उठल्या. लहान गन घेतली, सोबत जादा बॅटरीही. धाडच्या पंक्चरवाल्यानं बजावलं होतं, गननं नट नुसते बसवा, शेवटी हातपान्यानं आवळा. ते वाक्य भाऊंनी खोक्यावर लिहून ठेवलं.

परीक्षेच्या सकाळी संघमित्रा हाताची घडी घालून खुर्चीत बसली. तिनं मुद्दाम डावं मागचं चाक निवडलं. भाऊंनी गननं नट थोडे सैल केले, जॅक लावला, आणि टुर्रर्र, चारही नट हातात. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. भाऊंनी चाक ओढलं.

चाक हललंच नाही. नट सुटले तरी ते आत गंजून चिकटून बसलं होतं. हे ना खोक्यावर लिहिलं होतं, ना माझ्या वहीत. भाऊंनी डाव्या हातानं ओढलं, मग उजव्या हातानं, आणि खांदा धरून खाली बसले. टाळ्या थांबल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

"नाही निघत, पोरी," ते म्हणाले. खिशातून किल्ली काढून त्यांनी स्वतःच तिच्यापुढे धरली.

संघमित्रानं किल्ली घेतली. मग ओढणी कमरेला बांधली आणि टायरच्या कडेला एक सणसणीत लाथ घातली. दुसरी लाथ दुसऱ्या कडेला. चाक सुटलं. तिनं स्टेपनी चढवली, बापाच्या हातातली गन घेतली आणि टुर्रर्र केलं. आवाज ऐकून ती इतकी खूश झाली की बसवलेला नट काढून तिनं पुन्हा बसवला. शेवटी पान्यानं आवळून उठली. हात कोपरापर्यंत काळे.

"नापास," ती म्हणाली. "आज कोनाकडे जायचं होतं?"

"उंद्रीच्या पुढं. दोन महिने झाले, मानूस घरच्यांशीही बोलून नाही राह्यला."

"बसा. मी चालवते. मॅडम, तुमीही."

त्या घरी तो माणूस ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. आम्ही आल्यावर फक्त मान वळवली. भाऊ नेहमीसारखे बाजेवर बसले आणि चहा प्यायला आल्याचं सांगितलं.  त्याच्या बायकोनं चहाचा कप पुढे केला, पण संघमित्राला तो घेता येईना. हात तसेच काळे घेऊन ती अवघडून उभी राहिली. तो माणूस बराच वेळ त्या हातांकडे पाहत होता. मग हळूच उठला, रांजणातून तांब्या भरून आणला.

"धुवून घे, बाई," तो म्हणाला. "काय खोलून राह्यली होती?"

त्याची बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. संघमित्रानं हात पुढे केले आणि पाण्याच्या धारेखाली चाकाची सगळी कहाणी त्याला सांगितली, लाथांसकट.  भाऊ कपात बघत बसले, चहा केव्हाच संपला होता तरी.

परतताना गाडी तिनंच चालवली. उंद्री मागे पडली. मग ती म्हणाली, "गाडी राहू द्या, बाबा. चाक नाही निघालं तं मले फोन करत जा."