खाणावळीच्या माडीवरचा स्टोव्ह

प्रवासाला निघायचं म्हटलं की मी अजूनही सगळं सामान आधी जमिनीवर मांडते, यादीशी ताडून बघते आणि मगच पेटीत भरते. स्टोव्ह, त्याच्या पिना, रॉकेलची बाटली, काकडा, पक्कड, तपेली, परात, पाण्याचं गळणं, डाळ-तांदळाच्या पिशव्या, मीठ. घरातल्या मुली हसतात. म्हणतात, चाललात दोन दिवसांसाठी आणि नेताय अख्खं स्वयंपाकघर. हसू देत. सवय मुळात माझी नाहीच, सासूजींची आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्या बोटांच्या पेरांवर मोजत. मी कागदावर लिहिते, एवढाच फरक.

तळोद्याला आमचं कापडाचं दुकान. आम्ही मूळचे मारवाडातले, जैन. घरात मारवाडी बोलायचो, गिऱ्हाइकांशी अहिराणी, आणि मराठी माझ्या वाट्याला शाळेत आली. सासूजींचं बोलणं इथे मराठीत उतरवते आहे. त्यातला ठसका थोडा कमी झाला असेल.

त्यांचा एक डोळा फार पूर्वीच गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आला, तेव्हा माझ्या लग्नाला काही वर्षं होऊन गेली होती. हळूहळू त्यांना माणसं सावल्यांसारखी दिसू लागली. पण स्वयंपाकघराचा ताबा त्यांनी सोडला नाही. हळदीचा डबा कुठला आणि धन्याचा कुठला हे त्या झाकणावर बोट फिरवून सांगत. भाकरी भाजली गेली की नाही ते वासावरून. मी डाळीत मीठ विसरले तर ताटात वाढताना पडणाऱ्या आवाजावरूनसुद्धा त्यांना कळेल, असं मला वाटायचं.

त्या वर्षी होळी झाल्यावर बातमी आली की नंदुरबारला डोळ्यांचे एक डॉक्टर आले आहेत, थोडे दिवस मुक्काम करून पुढे जातील, मग पुन्हा एकदम पुढच्या हिवाळ्यात. यजमानांनी लगेच बैलगाडी ठरवली. तापीचं पाणी उतरलेलं होतं, गाडी पात्रातूनच पार झाली. अंगावर बसली ती धूळ. नंदुरबारला पोहोचेपर्यंत सासूजींना कोरडा खोकला लागला होता.

नात्यातली घरं तिथे होती, पण एका घरी मुलांना गोवर आणि दुसऱ्या घरी लग्न. धर्मशाळेत गोंगाट. डॉक्टरांनीच सांगितलं की दवाखान्यासमोर खाणावळ आहे, तिच्या माडीवर खोल्या मिळतात, पेशंट तिथेच उतरतात. आम्ही तिथे खोली घेतली. यजमान आम्हाला पोहोचवून ओळखीच्या पेढीवर मुक्कामाला गेले, सकाळी यायचं ठरलं.

खाणावळीचे मालक गोरेपान, घामाघूम, जानव्याला किल्ल्यांचा जुडगा बांधलेले गृहस्थ होते. सगळे त्यांना महाराज म्हणत. आमच्या पेटीतून स्टोव्ह निघालेला पाहून त्यांचा चेहरा पडला.

"शेठाणी, खाणावळीत उतरायचं आणि शिजवायचं स्वतःचं? म्हणजे न्हाव्याच्या दुकानात जाऊन आपल्याच वस्तऱ्याने दाढी करण्यातला प्रकार झाला!"

सासूजी म्हणाल्या, "महाराज, तुमचा वस्तरा धारदारच असणार. आमची दाढीच जरा वेगळी आहे."

महाराज हसले, पण अट घालायला विसरले नाहीत. माडीची जमीन लाकडी होती. स्टोव्ह पेटवायचा तो गॅलरीच्या कोपऱ्यातल्या फरशीवर, आणि फक्त सकाळी आणि दुपारी. संध्याकाळी खाली पंगत बसते, रॉकेलचा वास खाली उतरला की जेवणारे नाक मुरडतात, आणि अंधारात आगीची भीती वेगळीच. सासूजींनी अट मान्य केली. आमचं संध्याकाळचं जेवण नाहीतरी दिवसाउजेडीच होतं.

मग त्यांनी पेटीतलं बाकीचं सामान काढायला घेतलं. मी मदतीला पुढे झाले तर माझा हात बाजूला केला. डोळे मिटून, खरंच मिटून, त्यांनी एकेक वस्तू काढली आणि जिथे ठेवायची तिथे ठेवली. पिना परातीखाली, म्हणजे सांडायच्या नाहीत. काकडा बाटलीच्या शेजारी, पण बाटलीला टेकलेला नाही. पक्कड उजव्या हाताला. त्यांचं ते छोटंसं स्वयंपाकघर मांडून झालं तेव्हा मला त्यात हलवण्यासारखं काही सापडलं नाही. स्टोव्ह मी पेटवला. पंप मारताच तो घों घों करायला लागला आणि शेजारच्या खोलीतली बाई दारात आली.

ती तापीकाठच्या एका गावातल्या पाटलांच्या घरातली. माझ्याहून थोडी मोठी, नाकात मोठी नथ, आवाज मोकळा. तिच्या नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, तो पट्टी बांधून उताणा पडून होता. ती मागच्या अंगणात तीन विटांवर स्वयंपाक करायची.

"माय वं! कितला गुरगुरस हाऊ डबा!" स्टोव्हकडे बघून ती म्हणाली. "चावस का?"

"पोटभर रॉकेल पाजलं की नाही चावत," सासूजी म्हणाल्या. तिथूनच त्या दोघींचं जमलं.

दुपारी डॉक्टरांनी सासूजींना तपासलं. डोळा चांगला पिकला होता. पण तपासतानाच त्यांना खोकल्याची उबळ आली आणि डॉक्टरांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. ते मला म्हणाले, "उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन यांचं. पण चालू ऑपरेशनमध्ये खोकला आला तर डोळा हातचा जाईल, आणि यांना दुसरा डोळा नाही. आज यांचा घसा सारखा ओला राहू द्या. कोमट पाणी पाजा. सकाळी खोकला दिसला तर मी हात लावणार नाही. परवा मी निघालो." म्हणजे पुढचा हिवाळा. तोवर हा पिकलेला डोळा टिकेलच असं नव्हतं.

आता इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. सासूजी सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नसत, तो सकाळी सूर्य वर आल्यावरच. आणि दिवसासुद्धा त्यांचं पाणी पक्कं, म्हणजे आधी गाळलेलं आणि मग उकळलेलं. न उकळलेलं ते कच्चं. पक्क्या पाण्यात ओंजळभर कच्चं पडलं तरी ते सगळं कच्चंच. तेव्हा घसा ओला ठेवायचा तो सूर्यास्ताच्या आत, आणि तेवढ्यावर रात्र काढायची. मी दुपारी तपेल्या भरभरून पाणी उकळलं, परातीत ओतून निववलं आणि पितळेच्या कळशीत भरून तोंडाला फडकं बांधलं. सासूजी थोडं थोडं पीत राहिल्या. उबळ कमी झाली. दिवस कलला तसं त्या म्हणाल्या, जा, डोळ्यात घालायचं औषध आणून ठेव, मग मावळायच्या आधी मी शेवटचं भरपूर पिऊन घेते.

औषध घेऊन परतले तेव्हा त्या खाटेवर ताठ बसल्या होत्या.

"स्टोव्ह पेटव," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कळशीत कच्चं मिसळलंय."

झालं होतं असं. पाटलीणबाई आत डोकावली, कळशी अर्धी दिसली. बिचाऱ्या म्हातारीला उठून पाणी घ्यायला कष्ट नकोत, म्हणून तिने आपला माठ आणून कळशी काठोकाठ भरली. पाण्याचा आवाज ऐकताच सासूजींना काय झालं ते कळलं. त्यांनी विचारलं, कोण. ती म्हणाली, "मी शे माय. तुमनी कळशी अर्धी व्हती. मन्हा माठनं थंडगार पानी भरी दिधं." सासूजींनी हात जोडून म्हटलं, "तुझं भलं होवो." बस्स. तिच्या मागे फडकंसुद्धा पुन्हा नीट बांधून ठेवलं.

"तिला कळू देऊ नकोस," त्या मला म्हणाल्या. "प्रेमाने ओतलंय." आणि बोलता बोलता खोकल्या.

"समोरच्या कौलांवर ऊन आहे का?"

दवाखान्याच्या कौलांवर होतं, पण तांबूस. मी धावत गॅलरीत गेले. कळशीतलंच पाणी तांब्याभर गळण्यातून तपेलीत गाळून घेतलं, काकड्याने स्टोव्ह तापवला, पंप मारला. स्टोव्ह गरजला, तसे जिन्यावर किल्ल्या वाजल्या.

"बंद करा! शेठाणी, काय ठरलं होतं आपलं? खाली पंगत बसतेय!"

मागोमाग पाटलीणबाईही आली. "काय व्हयनं वं बहीन? आते कसाले पेटाडी ऱ्हायनी?"

मी दोघांमध्ये उभी. सासूजी चाचपडत दारापर्यंत आल्या आणि महाराजांच्या किल्ल्यांच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाल्या, "महाराज, अट मोडली ती मी, सुनेने नाही. सूर्य मावळायच्या आत पाणी नाही प्यायले तर उद्या खोकेन, आणि खोकले तर डॉक्टर डोळा उघडणार नाहीत. दिवेलागणीच्या आत हा विझेल. तोवर थांबता येईल?"

महाराजांनी स्टोव्हकडे पाहिलं, मग कौलांकडे. "माझ्या मुदपाकात पाणी उकळतंच आहे, देऊ का?"

"गाळलेलं नसेल," सासूजी म्हणाल्या. "पण विचारलंत, ते पोहोचलं."

आतापर्यंत पाटलीणबाईने कळशीवरचं फडकं पाहिलं होतं, तपेली पाहिली होती. "मन्हा पानीमा काय खोट शे?" तिने विचारलं. आता लपवणं शक्य नव्हतं. मी दोन वाक्यांत सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "मन्हामुये माय तान्ही ऱ्हाई?"

"नाही राहणार तहानलेली," सासूजी म्हणाल्या. "रडायला वेळ नाही. सूनबाई, परात काढ. उकळलेलं पाणी तसंच घशाखाली कसं घालू? निवायला हवं. वारा कोण घालेल?"

"सरक, मी घालस," म्हणून पाटलीणबाईने पदर खोचला आणि नवऱ्याच्या खाटेवरचा विंझणा आणला.

पंप मारून मारून माझा हात भरून आला. तेव्हा महाराज जिन्यावरून खाली ओरडले, "पंगत जरा थांबवा रे, पापड तळा तोवर!" आणि किल्ल्या कमरेला खोचून स्टोव्हपाशी उकिडवे बसले. दुपारी ज्या वस्तूला नावं ठेवली तिचाच पंप ते दात ओठ खाऊन मारू लागले. पाणी सळसळलं, मग खदखदलं. मी पक्कडीने तपेली उतरवून परातीत ओतली. पाटलीणबाईने असा वारा घातला की वाफ सरळ महाराजांच्या तोंडावर.

"बाई, मला नका निववू, पाणी निववा!"

"तुमीबी तापेल शेत ना, महाराज!"

सासूजी त्या गोंधळातही मोठ्याने हसल्या. त्यांनी बोट परातीच्या कडेला लावलं. "अजून." मी पाणी परातीतून तपेलीत आणि तपेलीतून परातीत फिरवलं. "कौलांवर?" कौलांवरचं ऊन गेलं होतं. "मग लिंबावर बघ." दवाखान्यामागच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर अजून होतं. त्यांनी पुन्हा बोट लावलं. "आता चालेल."

मी वाटी भरून पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. "तिच्या हातात दे," त्या म्हणाल्या. "आज मला पाणी पाजायचं तिच्या मनात होतं. तीच पाजेल."

पाटलीणबाईने विंझणा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि वाटी त्यांच्या ओठांना लावली. मग दुसरी, मग तिसरी. सासूजी सावकाश प्यायल्या, घोट घोट, घसा शेकत. लिंबाच्या शेंड्यावरचं ऊन विझलं तसे त्यांनी हात जोडले, डोळे मिटून रोजचा नेम म्हटला आणि वाटी उपडी ठेवली. महाराजांनी स्टोव्हची चावी सैल केली. फुस्स करून आवाज बंद झाला आणि माडी एकदम शांत झाली.

मी त्या रात्री कान टवकारून पडले होते. एकदा त्या खाकरल्या, मी उठून बसले, पण ते तेवढंच. सकाळी डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम दोनदा मोठा श्वास घ्यायला लावला. खोकला नव्हता. ऑपरेशन झालं.

मग आमचीही पाळी उताणं पडण्याची आली. डॉक्टर पुढच्या मुक्कामाला गेले, पट्टी बदलायला दवाखान्यातला कंपाउंडर येई. पाटलीणबाई रोज येऊन सासूजींपाशी बसायची. कळशीला हात लावायची नाही, पण कोणी खोलीत शिरलं की आधी तीच बजावायची, "ती माय पक्कं पानी पेस. तठे हात लावू नका!" महाराजांनी संध्याकाळच्या पंगतीची वेळ थोडी पुढे ढकलली. कारण विचारलं तर उन्हाळ्यात लोकांना उशिरा भूक लागते, म्हणाले.

माणसाने नेम पाळावा तर असा, हे मी तिथे शिकले. स्वतःच्या बाबतीत केसाएवढीही सवलत नाही, आणि तोच नेम अजाणता मोडणाऱ्या बाईवर त्याचा ओरखडासुद्धा उठू द्यायचा नाही. मला नेम पाळणं जमलं, दुसरं अजून जमवते आहे.

पट्टी सुटली तेव्हा यजमान, मी, पाटलीणबाई, महाराज, सगळे खोलीत होतो. सासूजींनी डोळा किलकिला केला. यजमानांकडे बघून हसल्या. पाटलीणबाईला जवळ बोलावलं, तिची नथ निरखली आणि म्हणाल्या, "आवाजावरून मला तू जाडी वाटली होतीस." ती खो खो हसत सुटली. मग त्यांची नजर गॅलरीच्या कोपऱ्याकडे वळली आणि तिथेच थांबली. मी मनात म्हटलं, आता भरून आलं असेल त्यांना.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "स्टोव्हचं पितळ किती काळं केलंस हे! चिंच आहे ना पेटीत? मग?"

मी चिंच काढली आणि घासायला बसले. तेवढ्यात त्यांनी निघायची तयारी म्हणून पेटी पुढे ओढली, आणि सवयीने डोळे मिटून एकेक वस्तू भरायला घेतली.