भीमाबाईचं मौन

गुरुवारी आमच्या दारात मासळी येत नसे. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या आणि चतुर्थी वगळून उरलेल्या दिवशी मासे, हा माझा नेम. तो माझ्यापेक्षा भीमाबाईलाच जास्त पाठ. कधी मी चुकून "कोलंबी आहे का गं?" विचारलं, तर ती डोक्यावरची पाटी खाली न उतरवताच म्हणायची, "वयनी, आज संकष्टी हाय. इसरलाव काय? देव काय म्हनंल?" आणि पुढच्या दारी जायची. त्यामुळे एक्क्याण्णव साली एका गुरुवारी ती पाटीबिटी न घेता आली आणि आमच्या पायरीवर मटकन बसली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

भीमाबाई पनवेलच्या कोळीवाड्याची सून आणि उरणकडची लेक. तिचा आवाज सगळ्या गावाला माहीत होता. तिने आळीच्या तोंडाशी "ए बोंबील!" म्हटलं की आळीच्या टोकाची मांजरं अंग झटकून उठत. आणि या आवाजाचा खरा उपयोग मासळी विकायला नाही, कबड्डीच्या मैदानावर व्हायचा. तिचे वडील खेळायचे, भाऊ खेळायचा. लग्न ठरताना तिने नवऱ्यामुलाची होडी केवढी हे विचारलं नाही, पकड कशी करतो एवढंच विचारलं. दयारामची पकड चांगली होती, म्हणून लग्न झालं. असं तीच सांगायची. दयाराम शेजारी उभा असला तर म्हणायचा, "होडी पन होती माजी. नीट सांग."

नवी नवरी असताना माहेर आणि सासर पहिल्यांदा मैदानावर समोरासमोर आलं. डोक्यावर पदर, हातात हिरवा चुडा, आणि भीमाबाई ओरडली भावाच्या नावाने. सासूने असा चिमटा काढला की पुढच्याच चढाईला ती नवऱ्याच्या नावाने ओरडली. "मंग समजला," ती म्हणायची, "दोन्ही नावांनी वरडता येतंय. घसा एकच, पन नावं दोन मावतात."

तेव्हापासून तिचे संघ दोन. माहेरचं एकवीरा क्रीडा मंडळ. तिथे आता तिचा भाचा भगवान कप्तान. आणि सासरचं गावदेवी क्रीडा मंडळ. तिथे दिराचा मुलगा बाळू कप्तान. मला या नावांचा फार त्रास. आमचे हे न्हावा शेव्याला बंदराच्या ऑफिसात कारकून, आणि रविवारी कबड्डीचे पंच. सामना आटपून घरी आले की पाय धुता धुता सांगायचे, "आज गावदेवीला धुतली." मी आपली देवघराकडे बघून कान धरायची.

तर त्या गुरुवारी भीमाबाई पायरीवर बसून सांगू लागली. झालं होतं असं की आधीच्या महिन्यात उरणच्या स्पर्धेत तिचे दोन्ही संघ भिडले. बाळू चढाईला आला, आणि भीमाबाई भाच्याच्या पोरांना ओरडून बोलली, "डावा पाय धरा त्याचा, डावा! सुजलाय!" त्यांनी डावा धरला. बाळू गेला. सुजलाय हे तिला ठाऊक असणारच, आदल्या संध्याकाळी त्या पायाला हळदीचा लेप तिनेच लावला होता.

"मग काय गं, चुकलंच की तुझं," मी म्हटलं.

"ऐका तं. मंग भगवान आला चढाईला. तवा मी बाळूच्या पोरानला बोलली, हा उजवीकडं बघतो आनि डावीकडं मारतो, लहानपनापासून तसाच लबाड हाय. तवा तो पन गेला. दोघानला सारखा दिला की नाय मी?"

दोघांनाही ते सारखं वाटलं नव्हतं. दोघांनीही तिला फितूर म्हटलं. भावाने बोलणं टाकलं. इकडे घरात दयारामही बाळूच्या बाजूने, ताटावर बसला की भिंतीशी बोलायचा. आणि आता रविवारी पनवेलला वडाळे तळ्यामागच्या मैदानावर अंतिम सामना, परत हेच दोन संघ. दोन्ही मंडळांनी निरोप धाडला होता. एक बाजू धर आणि त्या बाजूला बस. दुसऱ्या बाजूचं तोंड बघायचं नाही. जमत नसेल तर मैदानावर येऊ नको.

"एकीकडं बसली तं दुसरीकडचा दार बंद," ती म्हणाली, आणि तिचा तो मांजरं उठवणारा आवाज एकदम बारीक झाला. "घरी बसली तं दोन्ही बंद."

आतून हे बाहेर आले. पंचांना गप्प बसवत नाही. "भीमाबाई, ते बरोबरच सांगतात. पाठीराखा एकाच संघाचा असतो. दोन्हींचा असतो तो प्रेक्षक."

"म्हंजे तिकीट काढून, मांडी घालून, शेंगा खात बसतो तो? मी तसली नाय हां, पंच."

"मग एक संघ निवड."

ती माझ्याकडे वळली. "वयनी, तुमच्या देवाऱ्यात कोन कोन हाय?"

"बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पिंड, गणपती, दत्ताची तसबीर..."

"दत्ताला फूल घातला तं गनपती तुमाला फितूर बोलतो?"

"अगं, देवांची मॅच नसते."

"आनि असती तं?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी पेपर उघडून त्यात तोंड घातलं.

मला मग एकदम सुचलं. चातुर्मासात मी जेवताना मौन धरते. म्हटलं, "तू मौन घे. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. मध्यरेषेच्या टोकाशी बस, या बाजूलाही नाही आणि त्या बाजूलाही नाही. तोंडच उघडलं नाहीस तर फितुरी कसली? देवीला सांगून घेतलेलं व्रत म्हटल्यावर कुणी उठवणारही नाही."

ती विचारात पडली. "खोकला आला तं?"

"खोकला चालतो."

"शिवी?"

"नाही."

"मनातल्या मनात?"

"ती देवीला ऐकू जाते."

"तिला सवय हाय माजी," असं म्हणून भीमाबाई उठली, देवघरासमोर हात जोडून आली आणि व्रत घेतलं. पेपराआडून एक हसू ऐकू आलं. दोन्ही मंडळांनीही हसत हसतच परवानगी दिली. भीमाबाय गप बसनार? बसू दे, आमाला पन बगायचाय.

रविवारी मी जपमाळ घेऊन मैदानावर गेले. एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला टेम्पो करून आलेली उरणची माणसं, आणि मधल्या रेषेच्या टोकाशी एकटी भीमाबाई. अबोलीचा गजरा, नवं लुगडं, तोंडात पदराचा बोळा. मी तिच्या मागेच बसले. यांनी शिट्टी वाजवली.

आणि काय सांगू, असला रडका खेळ मी जन्मात पाहिला नाही.

भगवान चढाईला आला, कबड्डी कबड्डी करत आत शिरला आणि नेमक्या क्षणी थबकला. कान टवकारून उभा राहिला, तशी त्याची गठडी वळली. बाळू आला. त्यानेही आत जाऊन मागे मान वळवली. तोही गेला. इतकी वर्षं दोघांनाही मागून हातात हात धरलेल्या गड्यांची साखळी येते आहे की नाही हे डोळ्यांनी बघायची सवयच नव्हती, ते भीमाबाई सांगायची. आता दोघंही चोरून तिच्याकडे बघायचे, आणि ती पदर चावत आभाळाकडे बघायची. घामाने तिचं कुंकू नाकापर्यंत आलं होतं. लोक जांभया द्यायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "यापरीस भजन बरा."

मध्येच भगवान ओरडला, "पंच! आत्या भुवईनं सांगते बाळूला!"

"भुवई माज्याकडे बघून वर गेली नाय," बाळू म्हणाला, "तुज्याकडे बघून गेली!"

यांनी खेळ थांबवला. नियमांच्या पुस्तकात भुवया नव्हत्या. शिट्टी हातात धरून हे सरळ माझ्याकडे आले आणि चारचौघांत, पंचाच्या आवाजात विचारते झाले, "तुमच्या व्रतात भुवया येतात का?"

लग्नानंतर यांनी मला धर्माचा एवढा मोठा प्रश्न पहिल्यांदाच विचारला. मी माळेचे दोन मणी ओढले आणि सांगितलं, "मौन तोंडाचं आहे. भुवई मोकळी."

"भुवई मोकळी!" यांनी जाहीर केलं. पण भुवयांनी किती सांगणार? खेळ काही सुधारला नाही.

मध्यंतर झालं आणि दोन्ही कप्तान दोन बाजूंनी तिच्याकडे धावत आले.

"काकी, वरड गं. तू वरडत नाय तं पाय हलत नाय आमचा."

"आत्या, बास झाला. शिव्या दे पायजे तं."

भीमाबाईने पदराचा बोळा दातांत घट्ट धरला आणि बोट माझ्याकडे केलं. दोघं माझ्यापुढे उभे. आता आली का पंचाईत! घेतलेलं व्रत मध्येच सोडायचं म्हणजे देवीशी गाठ. पण व्रत सोडवायलाही रीत असतेच. मी म्हटलं, "तिने हे मौन तुमच्यापायी घेतलं. तेव्हा सोडवायचं तर तुम्ही दोघांनीच. एक नारळ, दोघांनी मिळून धरायचा, तिच्या पायाशी फोडायचा, आणि ती कुणाची ते देवीला मोठ्याने सांगायचं."

नारळ लगेच आला, बक्षीस समारंभासाठी आणलेल्यांतलाच. दोघांनी धरला.

"भीमाकाकी आमची!" बाळू ओरडला.

"आत्या आमची!" भगवान ओरडला.

"तुमची कशी? लगीन होऊन आमच्यात आली ना?"

"आली ती आमच्यातूनच ना?"

नारळ इकडून तिकडे ओढला जाऊ लागला. उरणचे पुढे सरकले, कोळीवाडा पुढे सरकला. भीमाबाईचा भाऊ आणि दयाराम छातीला छाती लावून उभे राहिले. "बरं, आमची पन," भगवानने तडजोड काढली, तर बाळू म्हणाला, "पन म्हंजे? उरलेली?" यांनी घड्याळ दाखवलं. भीमाबाई मात्र हललीही नाही. नारळाकडे बघत बसली होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला मागूनही कळलं, कारण पदर तोंडात, म्हणून ती मनगटाने डोळे पुसत होती.

"आमची म्हटलं की नारळ फुटणार नाही," मी म्हणाले. "आपली म्हणा."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. 'आमची' कुणीही कुणाच्याही तोंडावर म्हणू शकतो. 'आपली' म्हणायचं तर समोरच्याला आत घ्यावं लागतं, आणि ज्याची तंगडी धरून आपटायची त्यालाच आत घेणं कप्तानाला अवघड. भगवानने 'सोडवा' म्हणावं तसं यांच्याकडे पाहिलं. यांनी शिट्टी तोंडाशी नेली.

"आपली," बाळू पुटपुटला.

"देवीला ऐकू गेलं नाही," मी म्हटलं.

"आपली!" दोघं एकदम ओरडले आणि नारळ फोडला.

भीमाबाईने तोंडातला पदर काढला. सगळं मैदान कान देऊन उभं. ती शांतपणे उठली, आधी बाळूकडे आणि मग भगवानकडे बघितलं.

"मेल्यानो," ती म्हणाली, "ही काय कबड्डी हाय? लगनात उखाना घेतल्यासारकी चढाई करता!"

मग जो खेळ झाला, त्याचं वर्णन मला जमायचं नाही. ती मध्यरेषेच्या टोकावर उभी राहून दोघांनाही सांगत होती, दोघांची गुपितं दोघांना फोडत होती, आणि आता कुणी फितूर म्हणत नव्हतं. "बाळू, मागं साखळी!" म्हटलं की कोळीवाडा टाळ्या वाजवायचा, "भगवान, त्याचा गुडघा बग!" म्हटलं की उरण. हे पंच असूनही एकदा "शाब्बास!" म्हणून गेले आणि मग कुणाला म्हटलं हे सांगेनात. मी जप करत होते, पण कुणाचा, ते विचारू नये. शेवटच्या चढाईत गावदेवी एका गुणाने जिंकली.

कोळीवाड्याने गुलाल उधळला. बाळूला खांद्यावर घेतलं. दयाराम लाल तोंडाने बायकोला शोधत आला, तर भीमाबाई उरणच्या टेम्पोच्या फाळक्यावर पाय देऊन चढत होती. वरून भावाने हात दिला होता. काही बोलला नव्हता, पण हात दिला होता.

"अगं, घर इकडं हाय!" दयाराम ओरडला. "आमी जिंकलो!"

"जिंकलाव ना? मंग मी कशाला पायजे? तिकडं नाचायला पंचवीस जनं हायत. हितं बग तोंडं कशी सुतकी झाल्यात. परवा येतंय मी."

"आनि जेवन?"

"गुलाल खा!"

टेम्पो हलला. आत पोरं मान खाली घालून बसलेली. भगवान तर टोपलीएवढं तोंड करून. भीमाबाई मागच्या फाळक्याला धरून उभी राहिली, दयारामकडे, बाळूकडे, गुलालाकडे बघितलं, आणि आळी उठवणाऱ्या त्या आवाजात ओरडली, "गावदेवी क्रीडा मंडळाचाऽऽ!"

आणि हरलेल्या पोरांनी, जन्माची सवय म्हणून, मानही वर न करता उत्तर दिलं, "विजय असो!"

मग भगवानला कळलं आपण काय बोललो ते. टेम्पो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत त्याचा आवाज येत होता, "आत्या, उतर! आता उतर तू!" पण टेम्पो काही थांबला नाही.