चढावर दम सोडणारी गाडी

वर्ध्याकडच्या तळेगावच्या घाटात दुसऱ्या वळणावर गाडी बसली. बसली म्हणजे बंद पडली नाही. इंजिन चालू होतं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला होता, आणि तरी मागून आलेला कापसाचा ट्रक हॉर्न मारत आम्हाला ओव्हरटेक करून गेला. ट्रक, तोही भरलेला! स्टिअरिंगवर प्रफुल होता. शेजारी मी, मांडीवर लॅपटॉप.

"ताई, पैले तरी तिसऱ्या गिअरमधी चढत होती," तो म्हणाला. "आता तं दुसऱ्यातही नाई चढून राह्यली. तुमी पावर वाढवली का कमी केली?"

प्रश्न रास्त होता. चार दिवसांपूर्वी मीच त्या गाडीची पॉवर वाढवून दिली होती.

माझं काम थोडक्यात सांगते. पुण्यात एका कंपनीच्या टेस्ट सेलमध्ये, म्हणजे इंजिन बांधून ठेवून त्याची ताकद मोजतात त्या खोलीत, मी बरीच वर्षं काढली. मग वर्ध्याला परत आले आणि स्वतःचं गॅरेज टाकलं. इथे मी रिमॅपिंग करते. हल्लीच्या डिझेल गाडीत इंजिनला किती डिझेल द्यायचं, किती हवा कोंबायची, हे ईसीयू नावाचा एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्या पोटात आकड्यांचे तक्ते असतात. लॅपटॉप जोडून ते आकडे बदलले की तेच इंजिन जास्त जोर करतं. एक नटसुद्धा फिरवावा लागत नाही. लोकांना ती जादू वाटते, आणि खरं सांगायचं तर मलाही तसं वाटून घ्यायला आवडतं.

याला दुसरी बाजू आहे. इंजिनवर ताण वाढतो, वॉरंटी जाते, आरटीओचे आणि विम्याचे प्रश्न उभे राहू शकतात. हे मी प्रत्येकाला आधी सांगते. प्रत्येक जण मान हलवतो आणि चावी पुढे करतो.

प्रफुलनेही तेच केलं होतं. तो वर्ध्याजवळच्या आंजीचा, बी-बियाण्यांचं दुकान आहे, घरची कापसाची शेती. गाडी सात सीटची, डिझेल, आठ वर्षं वापरलेली. बहीण घाटावर कारंज्याला दिलेली, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांतून घाट ठरलेला. आणि दीड-दोन वर्षांपासून गाडी त्या घाटात दम सोडत होती.

"वडनेरचा एक जण मागून राह्यला गाडी," त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "रविवारी पाहाले येते. पावर वाढली तं ठेवतो, नाई तं देऊन टाकतो."

त्याच्याबरोबर त्याचे वडील आले होते. आमच्याकडे अशा माणसाला काकाजी म्हणतात, मीही तेच म्हणाले. सत्तरीचे, पांढरा शर्ट, पायजमा. विकायचं नाव निघालं तेव्हा त्यांनी हात बोनेटवर ठेवला तो ठेवलाच. गाडी त्यांनी घेतली होती. ती जाऊ नये म्हणूनच ते मुलाबरोबर आले होते, हे न सांगता कळत होतं.

मी लॅपटॉप उघडला तसे काकाजी जवळ आले.

"मी काय म्हणतो पोरी, पैले समोरून एकडाव..."

"बाबा, हे ट्रॅक्टर नाई," प्रफुलने त्यांना तोडलं. "कॉम्प्युटरचं काम आहे हे. तुमी चहा घ्या."

आणि मी चहा मागवला. ही माझी पहिली चूक.

दुसरी लगेच पुढच्या मिनिटाला केली. प्रफुल म्हणाला, "एसी बी कमी थंड करते, ताई. अन् गाडी बंद केली तरी समोरचा पंखा घरघर करत राह्यते."

"एसीचं नंतर पाहू," मी म्हणाले. पॉवर वाढवायला आलेल्या गाडीत एसी कोण बघतं? बाहेर रिकाम्या रस्त्यावर चार मिनिटांची चक्कर मारली, आकडे ठीक दिसले, आणि मी नवे तक्ते भरून दिले. गॅरेजच्या दारातून गाडी अशी सुटली की प्रफुल लहान मुलासारखा हसला.

आणि चार दिवसांनी आम्ही घाटात होतो. शनिवार सकाळ. रविवार उद्यावर आलेला.

गाडी कशीबशी वळवून वर्ध्याला आणली. वास्तविक मला गाडीचा राग यायला हवा होता. पण आकडे बरोबर आणि गाडी उलटी चालते, असं झालं की मला भूक लागत नाही, फोन घ्यावासा वाटत नाही. काहीतरी आहे आणि ते मला दिसत नाही, एवढंच डोक्यात फिरत राहतं.

शंकरभाऊ माझे फिटर. माझ्या आधीपासून या धंद्यात आहेत आणि कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यांनी एअर फिल्टर काढला. नवा कोरा. हवेचे पाइप दाबून पाहिले, साबणाचं पाणी लावून पाहिले. कुठे गळती नाही. टर्बो हाताने फिरवून पाहिला. मोकळा.

"गाडीत काई नाई, मॅडम," ते म्हणाले. "असन तं तुमच्या डब्ब्यात असन."

डबा म्हणजे लॅपटॉप. मी तोच उघडून बसले. घाटात गाडीने काय काय केलं त्याची नोंद त्यात होती. पहिली चार मिनिटं जोर अगदी मी लिहिला तसा वाढलेला. मग रेघ खाली. खाली म्हणजे कंपनीने दिलेल्या मूळ पॉवरच्याही खाली. आणि त्याच वेळी दुसरी एक रेघ वर चढत होती, ती इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानाची. जिथे पन्नासच्या आसपास असायला हवी तिथे ती ऐंशीच्या वर गेली होती.

सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून गरम होतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय. हवा कोंबली की ती तापते. टर्बो तेच करतो: इंजिनात जादा हवा कोंबतो, आणि ती तापते. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात डिझेल नीट जळत नाही. म्हणून गाडीच्या तोंडाशी इंटरकूलर बसवलेला असतो. ही एक छोटी रेडिएटरसारखी जाळीदार पेटी. समोरून वारा लागतो आणि आतली हवा थंड होते. ती थंड झाली नाही, तर ईसीयू स्वतःहून डिझेल तोडतो, इंजिन वाचावं म्हणून.

आता कोडं सुटायला लागलं. मी जास्त हवा कोंबली होती, म्हणून ती जास्त तापली, म्हणून ईसीयूने लवकर आणि जास्त डिझेल तोडलं. माझ्यापेक्षा तो ईसीयू शहाणा निघाला. त्याने हात आखडला नसता तर त्या घाटात इंजिनच गेलं असतं, आणि गाडी ठेवायची की विकायची हा प्रश्नच उरला नसता.

पण इंटरकूलर थंड का करत नव्हता? एसीची जाळीही तिथेच, तोंडाशी. तीही थंड करत नव्हती. पंखा थांबत नव्हता. म्हणजे समोरून वाराच आत शिरत नव्हता. प्रफुलने पहिल्या दिवशी मला उत्तर हातात दिलं होतं आणि मी 'नंतर पाहू' म्हटलं होतं.

"शंकरभाऊ, बंपर काढा."

दुपारी प्रफुल आला, बरोबर काकाजी. बंपर खाली उतरला आणि आम्ही चौघेही बघत राहिलो. रेडिएटर दिसतच नव्हता. तिथे गादी होती. चांगली बोटभर जाडीची, मळकट, कापसाच्या रुईची गादी. ग्रिलमधून ती काळपट दिसायची, आणि मी तिला धूळ बसलेली एसीची जाळी समजले होते. शंकरभाऊंनी एक कोपरा उचलला. खाली हिरवी मच्छरदानी निघाली. दुहेरी घडीची, चार कोपऱ्यांना तारेने पक्की बांधलेली.

"हे कोनं लावलं?" प्रफुल ओरडला.

"मी," काकाजी म्हणाले.

आमच्या भागात ही रीत आहे. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या रेडिएटरपुढे मच्छरदानीचा तुकडा बांधतात, कारण जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात रुई उडते आणि रेडिएटर गच्च होतो. संध्याकाळी तुकडा झटकला की झालं. काकाजी हंगामात याच गाडीने जिनिंगला जायचे. त्यांनी ट्रॅक्टरचा नियम गाडीला लावला होता.

"मग झटकत कोण होतं, काकाजी?" मी विचारलं.

"मीच. दर आठ दिवसानं, खालून हात घालून. मंग एकडाव माझ्या हातानं एक वायर तुटली. हा म्हणे, बाबा, गाडीले हात लावाचा नाई." ते सहज बोलत होते, तक्रार नव्हती. "नाई लावला."

"कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

दम सुटायला लागला त्यालाही तेवढेच दिवस झाले होते.

"मंग सांगाचं नाई का, बाबा?" प्रफुलचा आवाज आता खाली आला होता.

"सांगतच होतो त्या दिवशी. तू म्हटलं, चहा घ्या."

मला लाज वाटली. चहा मीच मागवला होता.

शंकरभाऊंनी तारा तोडल्या आणि मच्छरदानीची जाळी काढून टाकणार तेवढ्यात काकाजींनी हात पुढे केला. त्यांनी ती झटकली. रुई खाली पडली आणि जाळीच्या कडा दिसल्या. चारही बाजूंनी मशीनची शिलाई होती, पट्टी ठेवून मारल्यासारखी सरळ.

"हे याच्या मायनं शिवलं," ते मला म्हणाले. "म्हणे, किनार नाई मारली तं धागे इंजिनात जातीन."

प्रफुलची आई दोन वर्षांपूर्वी गेली, हे मला तेव्हा कळलं. प्रफुलने जाळीची ती शिलाई अंगठ्याने चाचपून पाहिली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मग रेडिएटर, एसीची जाळी, इंटरकूलर, सगळं धुतलं. आणि मी माझे आकडे काढून कंपनीचे मूळ आकडे परत भरले.

"काऊन, ताई?" प्रफुल म्हणाला. "आता तं मोकळी झाली नं. तुमची पावर राहू द्या."

"आधी तिची स्वतःची बघू. कमी पडली तर माझी आहेच."

रविवारी सकाळी पुन्हा घाट. या वेळी काकाजी पुढच्या सीटवर, मी लॅपटॉप घेऊन मागे. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसरा गिअर. हवेच्या तापमानाची रेघ पन्नासच्या जरा वर गेली आणि तिथेच थांबली. एका ट्रकला आम्ही मागे टाकलं. वर पोचलो तेव्हा काकाजी म्हणाले, "एसी बंद कर बाप्पा. थंडी वाजून राह्यली."

प्रफुलने गाडी बाजूला घेतली आणि वडनेरला फोन लावला.

"नाई जी, येऊ नका. गाडी इकाची नाई." मग थोडं थांबून, "नाई नाई, भाव नोका वाढवू. बाबाची आहे थे."

काकाजी खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

माझं रिमॅपिंगचं काम अर्थातच गेलं. जाळी मात्र अजून आहे. शंकरभाऊंनी तिला चार हुक लावून दिले. जिनिंगच्या फाटकाशी काकाजी ती अडकवतात, आणि बाहेर पडताना काढून, झटकून, घडी करून सीटखाली ठेवतात. प्रफुल तोवर इंजिन बंद करून थांबतो.

माझ्या जॉब कार्डवर आता तक्रारीच्या रकान्याच्या वर मी पेनाने एक ओळ लिहिते: या गाडीला आधी कोण हात लावत होतं? गिऱ्हाईक विचारतात, त्याचा अन् पावरचा काय संबंध? मी म्हणते, त्यांना घेऊन या. आणि ते आले की त्यांचं बोलून होईपर्यंत चहा मागवत नाही.